कोल्हापुरात घरच्या खोलीत गाणं रेकॉर्ड करायचंय: नेहमी येणारे प्रश्न

मंगळवार पेठेतल्या एका खोलीत मी गेली काही वर्षं रेकॉर्डिंग करतोय. भजनी मंडळं, पोवाडे, हलगीचा ताफा, कॉलेजची रॅप करणारी पोरं, एकदा एका आजींच्या जात्यावरच्या ओव्या, सगळं त्याच खोलीत झालंय. आणि दर आठवड्याला कुणी ना कुणी फोन करून तेच विचारतंय, सॉफ्टवेअर कुठलं, माइक कुठला, यूट्यूबवर आमचं गाणं बारीक का ऐकू येतंय. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढलं. जिथं बोलण्यासारखं जास्त होतं तिथं जास्त बोललोय, बाकीचं पटकन उरकलंय.

दादा, सुरुवातीला काय काय घ्यायचं आणि किती खर्च येतोय?

लॅपटॉप असेल तर निम्मं काम झालं. ८ जीबी रॅमवर चालतंय, १६ असेल तर निवांत, पण डिस्क एसएसडीच पाहिजे, जुन्या फिरत्या डिस्कवर वीस ट्रॅक एकदम वाजवायला गेलं की अडखळतंय. त्याच्यावर दोन इनपुटचा एक ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा), एक माइक, स्टँड, एक्सएलआर केबल, पॉप फिल्टर आणि कानावर पूर्ण बसणारा बंद हेडफोन. साधंच सगळं घेतलं तर २० हजारांच्या आसपास बसतंय. स्पीकर नंतर घ्या, खोली नीट केल्याशिवाय स्पीकरचा उपयोग नाही, ते पुढं सांगतो. आणि ब्लूटूथचा हेडफोन रेकॉर्डिंगला अजिबात नको, त्यात आवाज एवढा उशिरा येतो की गाणारा ताल सोडतोच.

कुठलं सॉफ्टवेअर घ्यावं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याच्यावर सगळ्यात कमी डोकं घालवायला पाहिजे. मी रीपर वापरतो. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, काही बंद करून ठेवलेलं नसतं, आणि घरगुती लायसन ६० डॉलरला आहे. हलकं आहे, जुन्या लॅपटॉपवरपण पळतंय. मॅक असेल तर गॅरेजबँड फुकटच मिळतं, त्याच्यावर सुरुवात करा, पुढं लॉजिक घेता येईल, ते विंडोजवर चालत नाही. बीट बनवायचे असतील तर एफएल स्टुडिओ पोरांना लवकर जमतंय आणि एकदा विकत घेतलं की पुढचे अपडेट कायम फुकट. लाइव्ह वाजवायचं असेल, लूप फिरवायचे असतील तर एबलटन. फोनच असेल तर बँडलॅबवर सुरू करा, त्यात लाज कसली.

कुठलंही घ्या पण वर्षभर बदलू नका. दर महिन्याला नवं सॉफ्टवेअर टाकणारी पोरं मी बघितली आहेत, त्यांचं एकपण गाणं पूर्ण झालेलं नाही.

प्लगिन म्हणजे नक्की काय आणि क्रॅक टाकलं तर काय होतंय?

प्लगिन म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरच्या आत बसणारं छोटं सॉफ्टवेअर. एखादं आवाजाची जाडी बदलतं, एखादं घुमारा देतं, एखादं स्वतःच वाद्य असतं. स्टाइनबर्ग कंपनीनं १९९६ मध्ये व्हीएसटी नावाची पद्धत आणली आणि तेव्हापासून एका कंपनीचं प्लगिन दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चालायला लागलं. आज घरात बसून आपण हे सगळं करतोय ते त्याच्यामुळंच.

क्रॅकचं सरळ सांगतो, टाकू नका. माझ्याकडं एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला होता, गाण्याच्या फायली एकपण उघडेना, सगळ्यांची नावं बदललेली आणि पैसे मागणारी चिठ्ठी स्क्रीनवर. क्रॅकमधनं आलेला व्हायरस. त्याचं एक वर्षाचं काम गेलं. आणि ज्यानं ते प्लगिन बनवलं तोपण आपल्यासारखाच खोलीत बसून काम करणारा माणूस असतो, आपलं गाणं कुणी चोरलं तर आपल्याला कसं वाटेल तसंच त्याचं.

आणि गरजच नाही हो. फुकटात आता एवढं मिळतंय. टीडीआर नोव्हा ईक्यूला (आवाजातले खालचे-वरचे पट्टे कमी-जास्त करायला), टीडीआर कोटेलनिकोव्ह कंप्रेसरला (जोराचा आवाज दाबून सारखा करायला), वल्हाला सुपरमॅसिव्ह मोठ्या घुमाऱ्याला, सिंथ पाहिजे तर व्हायटल आणि सर्ज एक्सटी, आवाज डोळ्यानं बघायला व्हॉक्सेंगो स्पॅन आणि लाउडनेस मोजायला यूलीन. एवढ्यावर अख्खा अल्बम होतोय. रीपरमध्ये तर ईक्यू, कंप्रेसर, गेट (गाणं थांबलं की मागचा आवाज बंद करणारं), सूर दुरुस्तीचं रीट्यून हे सगळं आतच येतंय.

खोलीत आवाज डब्यात गायल्यासारखा येतोय, अंड्याचे ट्रे लावू का?

अंड्याचे ट्रे नकोत. कागदाचा तो पातळ ट्रे थोडासा वरचा आवाज मोडतो, बाकी काही करत नाही, आणि पेट घेतला तर आख्खी खोली जाईल.

इथं दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि लोक त्याची गल्लत करतात. बाहेरचा आवाज आत येऊ नये ही एक, आणि आतला आवाज आत घुमू नये ही दुसरी. पहिलीला जड भिंत लागते, दाराच्या फटी बुजवायला लागतात, फोमनं ते कधीच होत नाही. रस्त्यावरच्या गाड्या थांबवायच्या तर सोपा उपाय म्हणजे रात्री दहानंतर रेकॉर्ड करा, मी बऱ्याचदा तेच करतो.

दुसरी गोष्ट मात्र घरातल्या सामानानं होतीय. आपल्याकडं घोंगडी मिळते की, मेंढीच्या लोकरीची, जाड, खरखरीत. गाणाऱ्याच्या पाठीमागं दोरीवर दोन घोंगड्या दुहेरी करून टाका, भिंतीला चिकटवून नको, वीतभर पुढं, कारण भिंतीला लागूनच हवेची हालचाल सगळ्यात कमी असते, तिथं लोकर काय शोषणार. लोक माइकच्या पाठीमागं लावतात, पण माइक ज्या बाजूनं ऐकतोय ती बाजू गाणाऱ्याच्या पाठीमागची असते, तिथं आधी लावा. कपड्यानं भरलेलं कपाट उघडं ठेवा. गाद्या उभ्या करा. माझ्या खोलीचं पहिलं वर्ष असंच गेलं आणि तेव्हाची काही रेकॉर्डिंग मला आजपण आवडतात.

खालचा बास मात्र घोंगडीला दाद देत नाही. १० फूट लांब खोली असेल तर साधारण ५६ हर्ट्झला आवाज दोन भिंतींमध्ये उभा राहतो, म्हणजे कोपऱ्यात तो सूर ढमढम ऐकू येतो आणि खोलीच्या मधोमध गायबच. खोली १० बाय १० असेल तर दोन्हीकडनं तोच सूर, डबल त्रास. त्याला सुताराकडनं २ बाय ४ फुटाच्या लाकडी चौकटी करून घ्या, आत ४ इंच जाड रॉकवूल (दगडापासनं केलेली लोकर) भरा, वरनं सुती कापड ताणून मारा, आणि कोपऱ्यात तिरक्या उभ्या करा. रॉकवूल भरताना तोंडाला फडकं आणि हातमोजे पाहिजेतच, ते अंगाला लई टोचतं. मिक्सला बसताना खोलीच्या बरोबर मध्यावर बसू नका, थोडं पुढं सरका.

एवढं केल्यावर स्पीकरला पैसे घाला. त्याच्या आधी हेडफोनच बरा.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडची हवाच ओली. कंडेन्सर माइकला ओल सहन होत नाही, चिर्रर्र असा आवाज यायला लागतो आणि आतल्या पडद्यावर बुरशीपण धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात माइक ठेवा, पुड्या अधूनमधून गरम करून वाळवा. तबला, मृदंग, हलगी सगळी चामड्याची वाद्यं उतरतात, म्हणून आल्या आल्या रेकॉर्डिंग सुरू करू नका, अर्धा तास वाद्य खोलीत राहू दे. वर पत्रा असेल तर पाऊस सुरू झाल्यावर गाणं बंद, चहा. त्याला कुठलंच प्लगिन नाही.

डायनॅमिक माइक घेऊ की कंडेन्सर?

खोली नीट नसेल तर डायनॅमिक. तो जवळचंच ऐकतो, लांबचा पंखा, कुकरची शिट्टी, शेजारचा टीव्ही कमी पकडतो. कंडेन्सर बारीकसारीक सगळं पकडतो, म्हणजे गाणाऱ्याचा श्वासपण आणि रिक्षापण. कंडेन्सरला इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण चालू करायला लागतं, ते विसरून माइक खराब आला म्हणून परत पाठवणारे लोक आहेत.

मराठीचं एक खास आहे. भ, फ, ध, ख ही अक्षरं हवा सोडतात, माइकवर धप्प आवाज येतो. आणि "चांगभलं" मधला च, "जगणं" मधला ज, शिवाय स आणि श, हे दाताजवळनं येतात आणि कानात टोचतात. म्हणून माइक तोंडासमोर सरळ नको, तोंडाच्या किंचित वर किंवा बाजूला ठेवून ओठांकडं वळवा, वीतभर अंतर आणि मध्ये पॉप फिल्टर. एवढ्यानं निम्म्याच्या वर त्रास जातोय, उरलेला डीएसरनं (टोचणारे स-च दाबणारं प्लगिन) ६ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास थोडा दाबा. डीएसर जास्त झाला की गाणारा बोबडा वाटतो, ते बघा.

हलगी कशी रेकॉर्ड करायची? आमची फाटल्यासारखी येतीय.

याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. हलगीचा ठोका म्हणजे क्षणात वर जाऊन क्षणात खाली येणारा आवाज, मीटरला दिसायच्या आधी इंटरफेस ओव्हरलोड झालेला असतो. म्हणून गेन (इंटरफेसवर माइकचा आवाज किती वाढवायचा ते) एवढा कमी ठेवा की सगळ्यात जोरातला ठोका उणे १२ डीबीच्या आसपास जाईल. स्क्रीनवर रेघ बारीक दिसेल, दिसू दे. माइक कातड्याच्या जवळ घालू नका, तीन-चार फूट लांब आणि थोडा तिरका. जवळ ठेवला की नुसता काडीचा टक्क येतो, हलगीचा तो कडाडणारा आवाज हवेत थोडं अंतर गेल्यावरच तयार होतोय.

आणि छोट्या खोलीत वाजवू नका. जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचतात तेव्हा वाजते ती हलगी, नाहीतर खासबागला कुस्ती रंगल्यावर वाजते ती. तिला वर मोकळं आभाळ पाहिजे. दहा बाय दहाच्या खोलीत ती पत्र्याच्या डब्यासारखी येते आणि मग लोक ईक्यूनं खरवडत बसतात. मी ताफा घेऊन सरळ मळ्यात जातो, लॅपटॉप बॅटरीवर, माइकला वाऱ्याचं केसाळ टोपडं, सकाळी लवकर, पाखरं थोडी येतात, ती असू देत. वाजवणारा हलगी शेकून घेतो तेव्हा घाई करायची नाही, शेकल्यावर सूर चढतो आणि दोन-तीन गाण्यांनंतर परत उतरतो, म्हणून मध्येमध्ये थांबून परत शेकायला वेळ द्या. नाहीतर पहिल्या कडव्यात एक आवाज आणि शेवटच्या कडव्यात दुसराच.

घुमक्याला वेगळा माइक, जवळ, कारण खालचा घुमारा तिथनंच येतोय. कैताळ, म्हणजे झांजा, सगळ्यात लांब उभं करा, ते सगळ्यांच्या माइकमध्ये शिरतंच. बरीच पोरं हलगीच्या खाली बाहेरचा किक ड्रम चिकटवतात, भारी वाटावं म्हणून. माझं ठाम मत आहे की घुमकं नीट रेकॉर्ड झालं तर त्या किकची काहीही गरज नाही. आपल्या बापजाद्यांनी खालचा आणि वरचा आवाज कसा वाटून घ्यायचा ते आधीच ठरवून ठेवलंय.

हार्मोनियम आणि सॉफ्टवेअरमधलं वाद्य एकत्र वाजवलं की बेसूर वाटतंय, का?

कारण सॉफ्टवेअर ए म्हणजे ४४० हर्ट्झ धरून चालतं आणि तुमची पेटी तशी असेलच असं नाही. ४४२ ला लावलेली असली तरी साधारण ८ सेंटचा (एका सुरापासनं शेजारच्या सुरापर्यंत १०० सेंट) फरक पडतो, ऐकायला थोडासा पण मन लागत नाही. फोनवरच्या ट्यूनर ॲपनं पेटीचा एक सूर तपासा आणि सॉफ्टवेअरमधली सगळी वाद्यं तेवढी वर घ्या. पेटीचे सूर तुम्ही हलवू शकत नाही, कॉम्प्युटर हलवू शकतो. हे रेकॉर्डिंगच्या आधी करायचं, नंतर केलं की सगळाच गोंधळ.

गाणारा "काळी चार" म्हणाला तर सॉफ्टवेअरमध्ये जी शार्प, "काळी एक" म्हणजे सी शार्प, "पांढरी चार" म्हणजे एफ. एवढा तक्ता करून भिंतीला लावून ठेवा, भजनी मंडळ आलं की लई उपयोगी पडतो. पेटीला माइक पाठीमागनं भात्याच्या बाजूनं ठेवला की भात्याचा फसफस आवाज येतो, वरनं दीड-दोन फुटावरनं ठेवा.

तानपुरा ॲपवरचा चालतोय, खोटं कशाला बोलू. पण मिरज आपल्यापासनं तासाभराच्या अंतरावर, २०२४ मध्ये तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय मानांकन मिळालं, कुणा ओळखीच्याकडं मिरजेचा तानपुरा असेल तर एकदा नीट जवारी लावून त्याचे प्रत्येक पट्टीत दहा-दहा मिनिटं रेकॉर्ड करून ठेवा. आयुष्यभर पुरतंय.

मी गातो तेव्हा हेडफोनमध्ये आवाज उशिरा येतोय?

बफर कमी करा, म्हणजे सॉफ्टवेअर एका वेळी आवाजाचा जेवढा तुकडा घेतं तो. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २१, आणि तो जाताना-येताना दोन्हीकडं लागतो. रेकॉर्ड करताना १२८, मिक्स करताना १०२४. विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाकलाय का बघा, बहुतेक वेळा तोच टाकलेला नसतो. तरीपण नाही जमलं तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर चालू करा, म्हणजे माइकचा आवाज लॅपटॉपमधनं न जाता सरळ हेडफोनमध्ये येतो.

रेकॉर्डिंगमध्ये हम्म्म असा आवाज येतोय.

तो ५० हर्ट्झचा, आपल्या लाइटीचा. जुन्या वाड्यातनं अर्थिंगच नसतं, आधी वायरमनला बोलवून ते तपासा, हे आवाजासाठीपण आणि जिवासाठीपण. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, पंख्याचा रेग्युलेटर आणि डिमर बंद करा, सगळं एकाच बोर्डवरनं घ्या, माइकची केबल लाइटीच्या वायरला समांतर नेऊ नका. लाइट गेल्यावर स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करू नका, त्याच्या घरघरीला औषध नाही.

४४.१ की ४८ की ९६? १६ बिट की २४?

४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाची किती मापं घ्यायची), २४ बिट (प्रत्येक माप किती बारीक घ्यायचं). विषय संपला. १६ बिटला ९६ डीबीची जागा मिळते आणि २४ ला कागदोपत्री १४४ ची, म्हणून गेन कमी ठेवून निवांत रेकॉर्ड करता येतं. ९६ किलोहर्ट्झनं फायली दुप्पट होतात, तुमच्या गाण्यात फरक पडणार नाही.

मेट्रोनोमवर आमच्या बुवांना गाता येत नाही, काय करू?

त्यांना मेट्रोनोमवर गायला लावू नका. अभंग चढत्या लयीतच जातो, सुरुवातीला संथ आणि शेवटी टाळ-मृदंग तोंडाला फेस येईपर्यंत, ती चढणच तर त्याचा जीव आहे. आधी मृदंग, टाळ, बुवा सगळ्यांना मोकळं वाजवू द्या, मग सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक समेवर खूण करून टेंपोचा नकाशा तयार करा, म्हणजे सॉफ्टवेअर माणसाच्या मागनं चालेल. रीपरमध्ये हे अर्ध्या तासाचं काम आहे. रॅपला, बीटवरच्या गाण्याला मात्र मेट्रोनोमची क्लिक पाहिजेच.

ऑटोट्यून लावू का?

आधी ते आलं कुठनं ते ऐका. अँडी हिल्डेब्रँड नावाचा माणूस तेल शोधण्यासाठी जमिनीतनं येणाऱ्या लहरींचा अभ्यास करायचा, तेच गणित त्यानं आवाजाला लावलं आणि १९९७ मध्ये ऑटोट्यून बाजारात आलं. ते बारा सुरांच्या पायऱ्या धरून चालतं. आवाज दोन पायऱ्यांच्या मध्ये दिसला की ओढून जवळच्या पायरीवर नेतं.

आता आपलं गाणं बघा. मींड म्हणजे एका सुरावरनं दुसऱ्यावर घसरत जाणं, म्हणजे मधल्या जागेतच तर सगळी गंमत. कोमल गंधार एका रागात थोडा खाली लागतो, दुसऱ्यात थोडा वर. मशीनला ते चूक वाटतं. शाहू महाराजांच्या दरबारात अल्लादिया खाँसाहेब जिथं गात होते, त्या गावात बसून पोरींच्या मींडी जिन्याच्या पायऱ्यांसारख्या केलेल्या ऐकल्या की मला खरंच वाईट वाटतं.

म्हणून माझी पद्धत अशी. गाणाऱ्याकडनं चार-पाच टेक घ्या, दमल्यावर नाही, ताजं असताना. त्यातनं ओळ-ओळ निवडून जोडा. एखादाच सूर घसरलेला असेल तर तेवढाच हातानं दुरुस्त करा, आख्ख्या ट्रॅकवर लावून सोडू नका. रॅप आणि पॉपमध्ये तो रोबोटसारखा आवाज मुद्दाम पाहिजे असेल तर बिनधास्त लावा, तिथं ते वाद्यासारखंच आहे, फक्त पट्टी बरोबर निवडा.

मिक्स करताना पहिलं काय करायचं?

सगळे प्लगिन बंद ठेवून नुसत्या व्हॉल्यूमनं गाणं बसवा. एक दिवस त्याच्यावरच घालवा. जिथं बोल ऐकू येत नाहीत तिथं आवाज वाढवायच्या आधी बघा की त्याच्यावर कोण बसलंय, बहुतेक पेटी असते, दोघं एकाच पट्ट्यात असतात, पेटी २ किलोहर्ट्झच्या आसपास थोडी कमी करा, बोल आपोआप पुढं येतात. गाण्याच्या ट्रॅकवरनं ८० हर्ट्झच्या खालचं कापा, तिथं नुसता पंखा आणि पायाचा आवाज असतो. कंप्रेसर ३ ला १, सुई तीन-चार डीबीच हलू दे. शाहीर खालच्या आवाजात कथा सांगता सांगता एकदम उसळतो, तिथं कंप्रेसरवर भार टाकू नका, आधी हातानं प्रत्येक ओळीचा व्हॉल्यूम थोडा सारखा करा आणि मग हलका कंप्रेसर.

घुमारा म्हणजे रिव्हर्ब हा जागेचा असतो. पोवाडा मैदानातला, त्याला थोडाच. भजन देवळाच्या दगडी मंडपातलं, त्याला जास्त. रीपरमध्ये रीव्हर्ब नावाचं प्लगिन येतं, त्यात खऱ्या जागेचा घुमारा भरता येतो, म्हणजे तिथं जाऊन फुगा फोडायचा, तो आवाज आणि त्याची शेपटी रेकॉर्ड करायची आणि प्लगिनला द्यायची. आपल्या गावच्या देवळात दुपारी गर्दी नसताना पुजाऱ्यांना विचारून हे करा. खिद्रापूरच्या कोपेश्वरासारखी पुरातत्त्व खात्याकडं असलेली जागा असेल तर रीतसर परवानगी काढा. बाहेरच्या देशातल्या चर्चचा घुमारा आपल्या अभंगाला लावण्यापेक्षा हे किती छान.

मास्टरिंग म्हणजे काय? नुसता आवाज मोठा करणं का?

नाही. मिक्स झालेलं गाणं सगळीकडं सारखं ऐकू यावं, अल्बममधली गाणी एकमेकांशेजारी शोभावीत, आणि फाइल पुढं पाठवायला तयार व्हावी, हे मास्टरिंग. आवाज वाढवणं हा त्यातला शेवटचा छोटा भाग.

आता यूट्यूबवर बारीक का वाटतंय ते. पूर्वी प्रत्येकजण आपलं गाणं दुसऱ्यापेक्षा मोठं करायला बघायचा. मग कानाला किती मोठं वाटतंय ते मोजायचं माप आलं, एलयूएफएस, त्याचा आंतरराष्ट्रीय नियम २००६ मध्ये आला. स्पॉटिफाय गाणी उणे १४ एलयूएफएसला आणून वाजवतं. तुम्ही लिमिटर (आवाज ठरावीक रेघेच्या वर जाऊ न देणारं प्लगिन) लावून दाबून दाबून गाणं उणे ८ ला नेलं तर ते ६ डीबीनं खाली करतात, म्हणजे मोठेपणा गेला आणि दाबून चेंगरलेले ठोके तेवढे राहिले. यूट्यूब मोठं गाणं खाली आणतं पण बारीक गाणं वर नेत नाही, म्हणून उणे २० वर सोडलेलं गाणं तिथं बारीकच राहतं. तुमच्या गाण्याचं बहुतेक हेच झालंय.

मी काय करतो, तर भजन उणे १४ च्या आसपास, हलगीचं किंवा नाचायचं गाणं उणे १० पर्यंत, त्याच्या वर नाही. ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं सगळ्यात वरचं टोक, उणे १ डीबी, कारण एमपीथ्री किंवा तसल्या फायलीत बदलताना टोकं थोडी वर उडतात. आणि मिक्स झाल्या झाल्या मास्टर करायला बसू नका, दोन दिवस कान थांबवा. शेजारी आवडतं एखादं गाणं ठेवून तुलना करा, पण दोन्हींचा आवाज सारखा करून, कारण मोठं ते कानाला नेहमीच चांगलं वाटतं आणि तिथंच फसायला होतं.

मग ते गाणं फोनच्या स्पीकरवर ऐका, मित्राच्या गाडीत ऐका, आईच्या किचनमधल्या छोट्या स्पीकरवर ऐका. फोनवर बास गायब झाला तर बास वाढवू नका, फोनला तो वाजवताच येत नाही, बासवर थोडं सॅचुरेशन (हलकं फाटणं) द्या म्हणजे वरचे सूर तयार होतात आणि कानाला बास असल्याचं कळतं.

मंडपात वाजवल्यावर गाण्यातली वाद्यं गायब झाली, का?

मंडपातले स्पीकर बऱ्याचदा मोनोवर जोडलेले असतात. तुम्ही रुंदी वाढवणारं प्लगिन लावून डावी-उजवी उलटी केली असेल तर मोनोत ती एकमेकांना खातात. मास्टरवर मोनोचं बटण ठेवा आणि प्रत्येक गाणं एकदा तसं ऐकाच. बास आणि मुख्य आवाज मधोमध.

ऑनलाइन आपोआप मास्टरिंग करून देतात ते चांगलं का?

डेमोला ठीक. हलगीचा ठोका त्यांना चूक वाटतो आणि दाबून टाकतात, हे मी दोन-तीनदा करून बघितलंय.

गाणं स्पॉटिफायवर कसं जातंय आणि हक्काचं काय?

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे गाणं अशा ॲपवर पोचवणारी कंपनी, लागतो, तारखेच्या तीन-चार आठवडे आधी फाइल द्या, २४ बिट वेव्ह. प्रत्येक रेकॉर्डिंगला आयएसआरसी नावाचा १२ अक्षरी नंबर असतो, तो बहुतेक डिस्ट्रिब्युटरच देतात. गीत किंवा चाल तुमची असेल तर आयपीआरएसचे, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे, सभासद व्हा.

भजनी मंडळांसाठी महत्त्वाचं. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण कुणा संगीतकारानं बांधलेली चाल त्याच्या हयातीत आणि गेल्यानंतर ६० वर्षं त्याच्या हक्काची असते. "अभंग आहे म्हणून चालतंय" असं नसतंय. मंडळाची पिढ्यान्‌पिढ्यांची चाल असेल तर ती घ्या, तीच खरी ठेव आहे, आणि ती दुसऱ्या कुणी रेकॉर्ड केलेलीपण नसते.

बॅकअप किती ठेवायचे?

तीन. एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर, म्हणजे क्लाउडवर किंवा बहिणीच्या घरी. २०१९ ला पंचगंगेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांना घराबाहेरची कॉपी का लागते ते सांगायला नको. २४ बिट ४८ किलोहर्ट्झचा एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण साडेआठ एमबी घेतो, म्हणजे २० ट्रॅकचं चार मिनिटांचं गाणं ७०० एमबीच्या आत. १ टीबीच्या डिस्कवर हजाराच्या वर गाणी बसतात, जागा नाही हे कारणच नको.

माझी डिस्क एकदा गेली. वर ज्या आजी म्हणालो त्यांच्या ओव्या त्याच्यावर होत्या, दोन तासांच्या, आणि दुसरी कॉपी मी केली नव्हती. त्यानंतर चार महिन्यांनी आजी गेल्या. फक्त एक ओवी वाचली, त्यांच्या नातवाला मी व्हॉट्सॲपवर पाठवली होती म्हणून, आणि नशिबानं ती डॉक्युमेंट म्हणून पाठवली होती, त्यामुळं पूर्ण वेव्ह फाइल जशीच्या तशी मिळाली. तेव्हापासून माझ्याकडं कुणीही गाऊन गेलं की त्याच रात्री मूळ फायली त्यांच्या घरच्यांना पाठवतो. तुम्हीपण पाठवताना ऑडिओ न निवडता डॉक्युमेंट निवडा.